फायबर की पत्रा

बाल्कनीत सुरेखा जिथे कुरडया वाळत घालायची, त्या जागेवर आता दोन तुकडे ऊन खात पडले होते. एक ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, उभ्या बारीक घड्या पाडलेला. दुसरा फायबरचा, पांढरा, गुळगुळीत, कडेने पाहिलं तर आत फोमचा पिवळट थर दिसणारा. चंद्रहास जेवण अर्धवट टाकून उठला, सरकतं दार उघडून बाहेर गेला आणि दोन्ही तुकड्यांवर एकेक तळवा ठेवून उभा राहिला. वैद्याने दोन रोग्यांच्या नाड्या एकदम धराव्यात तसा.

"ये, हात लावून बघ."

"भाजेल."

"भाजतं का तेच बघायचंय."

"तुमचा हात भाजला की कळेलच मला," सुरेखा म्हणाली आणि त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.

"पत्रा लगेच तापतो, पण सावली आली की लगेच निवतो. फायबर तापायला वेळ घेतं."

"म्हणजे पत्रा तुम्ही आणि फायबर मी."

चंद्रहास हसला. मग तळवे पँटला पुसत आत आला आणि भात कालवता कालवता पुन्हा त्याच विषयावर घसरला.

ओमानातल्या दार्सैतमधली मराठी माणसं त्याला 'पंपवाले दळवी' म्हणत. कुणाच्या नळाचं पाणी बारीक झालं की लोक आधी दळवींना फोन करायचे, मग इमारतीच्या वॉचमनला. लांबलांबच्या वस्त्यांना पाणी चढवणाऱ्या पंपांची देखभाल हे त्याचं काम. तरुणपणी ठाण्याहून आला, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि आता साठीला टेकला होता. पंपांच्या आवाजाने त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता, त्यामुळे बोलताना तो उजवा खांदा पुढे काढून माणसाकडे झुकायचा. नवख्याला वाटायचं, काय हा माणूस आपलं मन लावून ऐकतोय. तसं तो ऐकायचाही.

त्यांच्या घरातल्या कपाटांवर छताला टेकतील एवढी रिकामी खोकी होती. टीव्हीचं, मिक्सरचं, इस्त्रीचं. परत जाताना सामान भरायला लागतील म्हणून ठेवलेली. त्यातल्या निम्म्या वस्तू केव्हाच मोडून भंगारात गेल्या होत्या, खोकी मात्र शाबूत होती. आखातात आलेल्या पुष्कळ घरांत असतात तशी.

आणि एक काळा फोन होता. ड्युटीचा. मधल्या काळात तो दोनदा-तीनदा बदलला, पण घरात त्याला 'काळा फोन' हेच नाव राहिलं. तो वाजला की चंद्रहास निघायचा. हातात पोळीचा तुकडा असला तर तो तोंडात टाकून. त्या फोनची अट एकच, तो लागला पाहिजे. त्यामुळे दळवींचं ओमान जिथवर रेंज तिथवर होतं. शुक्रवारी सगळी दुनिया वाद्यांमध्ये, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांत, पोहायला जायची, डोंगरावर जायची. हे तिघंही निघायचे. मागच्या सीटवर त्यांची मुलगी सई फोन हातात धरून बसायची, आणि तिचं काम ठरलेलं.

"बाबा, तीन काड्या. बाबा, दोन." मग थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, "बाबा, एक."

एक म्हटलं की चंद्रहास गाडी कडेला घ्यायचा, आणि तिथेच चटई पसरली जायची. पुढच्याच वळणापलीकडे निळं पाणी असू दे नाहीतर खजुराची बाग. पोळी-भाजी तिथेच, ताकही तिथेच. शाळेत बाकीची मुलं सांगायची, आम्ही अमक्या वादीत पोहलो, तमक्या डोंगरावर तंबूत झोपलो. सईला ठाऊक होती एका पेट्रोल पंपामागची बाभूळ, एका बंद दुकानाची ओसरी, आणि एक पुलाखालची जागा जिथे बकऱ्या येऊन त्यांच्या डब्यात तोंड घालायच्या.

मुक्काम तर कधीच नाही. सईने मुक्कामाचा हट्ट एकदाच केला, कासवांसाठी. सूर गावाच्या पुढे समुद्रातून कासवं येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात, आणि काळोख पडल्यावर माणसांना रांगेने नेऊन ती दाखवतात. तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी ती पाहिली होती. चंद्रहासने सहकाऱ्याशी ड्युटी बदलून घेतली, काळा फोन मात्र बरोबर ठेवला, सवयीने. सूर्य बुडाला, रांग लागली, सईच्या हातात छोटी बॅटरी होती. ती सारखी लावून-विझवून बघत होती. आणि फोन वाजला. सहकारी तापाने फणफणलेला, एका स्टेशनवरचे दोन्ही पंप बंद, सगळी वस्ती कोरडी.

ते परत निघाले. सई रडली नाही. मागच्या सीटवर तिने सवयीप्रमाणे फोन हातात घेतला, आणि सूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाली, "बाबा, फुल रेंज आहे."

त्यानंतर तिने कधी काही मागितलं नाही. सुरेखाला हे तेव्हा समंजसपणाचं वाटलं होतं. ती शिकवायची त्या शाळेतल्या मैत्रिणींना तिने कौतुकाने सांगितलंही होतं, आमची सई अजिबात हट्टी नाही म्हणून.

आता सई कॅलगरीला होती, फिजिओथेरपीच्या एका दवाखान्यात नोकरीला. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. आणि या वर्षअखेर चंद्रहासची नोकरी संपत होती. त्याच्या जागी येणाऱ्या ओमानी मुलाला त्यानेच तयार केलं होतं. "पोरगा हुशार आहे. पंपाला कान लावला की सांगतो काय दुखतंय ते," असं तो कुणालाही सांगायचा, त्यात जराही कडवटपणा नसायचा. अर्बाबने, कंपनीच्या मालकाने, पाठीवर हात ठेवून विचारलं, जाण्याआधी काय हवं? चंद्रहासने कंपनीची एक जुनी पिकअप मागितली, विकत नव्हे, जाईपर्यंत वापरायला. अर्बाब म्हणाला, खलास, तुझीच समज.

पिकअपच्या मागे बसवायची एक खोली त्याच्या डोक्यात होती. सूरच्या पेट्रोल पंपावर त्याने एका म्हाताऱ्या परदेशी जोडप्याची तशी गाडी पाहिली होती. प्रवासात छत खाली दाबलेलं, मुक्कामाला पोचलं की छत वर उचलायचं, मध्ये कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात, आत उभं राहता येतं. खालचा अर्धा भाग मात्र पक्क्या भिंतींचा. त्या म्हाताऱ्याने छत उचललं, म्हातारीने आत चहा केला. चंद्रहास पेट्रोल भरून झाल्यावरही बराच वेळ तिथे उभा होता.

"तीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली," सुरेखा म्हणाली होती, "आणि आता जायच्या वेळी खोलीला चाकं लावताय?"

"डिसेंबरात सई येतेय. तिचा एक मुक्काम राहिलाय."

खाबुऱ्याला अरहम नावाचा एक पाकिस्तानी कारागीर ट्रकच्या बॉड्या बांधायचा, त्याच्याच शेडमध्ये मासेमारीच्या फायबरच्या होड्याही बनत. त्याने सांगाडा उभा केला आणि विचारलं, बाहेरच्या भिंती कशाच्या लावू? चंद्रहासने दोन तुकडे मागून आणले. तेच बाल्कनीत पडले होते.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रहास कृष्णमंदिरात आरतीला गेला होता. सुरेखाने मोदकपात्र गॅसवर चढवलं आणि फोन वाजला. शुक्रवार नव्हता, तरी सई.

"आई, बाबा परत फोटो पाठवतायत. पत्र्याचे आणि फायबरचे. मी काय सांगू त्यांना?"

"तुला जे आवडतं ते सांग."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"आई, मी डिसेंबरमध्ये नाही येत आहे."

"रजा नाही मिळाली?"

"रजा आहे." मग एकदम भरभर, "आम्ही सगळ्या फ्रेंड्सनी माउंटन्समध्ये केबिन घेतलंय. बुक झालंय. तुम्ही इंडियाला गेलात की मी येते ना. पुण्याला, मावशीकडे, कुठेही. पण तिकडे नको. तिकडे आले की मी परत नऊ वर्षांची होते गं."

सुरेखाने गॅस बारीक केला. मग बंदच केला.

"बाबांनी फार मनावर घेतलंय, सई. ती कासवं..."

"मी पाहिली कासवं." सईचा आवाज हळू झाला. "कोस्टा रिकाला गेले होते ना, तेव्हा. सगळं पाहिलं. ती येतात, खड्डा करतात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी खूप जवळ उभी होते."

"बाबांना नाही बोललीस?"

"कसं बोलणार? ते इतके खूश असतात. तू सांग ना त्यांना, आई. हळूहळू. मला नाही जमणार."

"सांगते," सुरेखा म्हणाली.

तिने ठरवलं, आल्या आल्या सांगायचं. चंद्रहास आला तो हातात प्रसादाचा द्रोण आणि चेहऱ्यावर निकाल घेऊन. "ठरलं. पत्रा. हलका पडतो, पिकअपवर ओझं नाही होणार. उद्या अरहमला सांगतो, कापायला घे." सुरेखाने तोंड उघडलं. सई येत नाहीये, हे तीनच शब्द होते आणि ते जिभेवर आलेही होते.

"पत्रा वाजतो," ती म्हणाली.

"काय?"

"ऊन उतरलं की पत्रा वाजतो. टक टक टक. वाईला आमच्या न्हाणीघरावर होता. सईची झोप किती सावध आहे, माहीत आहे ना?"

चंद्रहास द्रोण हातात धरून तसाच उभा राहिला. स्वतःला पत्र्याचा आवाज कधीच ऐकू आला नसता, म्हणून ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "बरं झालं बोललीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरची कृतज्ञता होती. त्या रात्री कुणी अरहमला फोन केला नाही.

तिथून ते सुरू झालं. सुरेखाला वाटलं होतं, चार दिवस पुढे ढकलू, तेवढ्यात सांगण्याचं बळ येईल. बळ काही आलं नाही, चार दिवस मात्र येत राहिले. चंद्रहास फायबरकडे झुकला की ती पत्र्याची बाजू घ्यायची. फायबरच्या थरात एकदा पाणी शिरलं की थर सुटतात, दुरुस्ती जिवावर येते. "गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बघा, उन्हाने कशा झाल्यात. हात लावला की पांढरी भुकटी लागते." तो पत्र्याकडे वळला की ती फायबरची वकील व्हायची.

"पत्र्याला पोचे पडतात."

"पडू देत. इथे कुठे गारा पडतात?"

"बकऱ्या आहेत की. परवा शेजारच्या मैथिलीच्या गाडीच्या टपावर चढून बसली होती एक. पत्र्यावर उडी मारली तर पोचा येईल."

चंद्रहासने त्यावर दोन दिवस विचार केला.

हे सगळं ती आधी शोधून काढायची. दुपारी चष्मा लावून मोबाईलवर व्हिडिओ बघायची. कुठले कुठले लोक आपापल्या गाड्यांच्या भिंती खोलून दाखवायचे, कुजलेलं लाकूड, सुटलेले सांधे. सुरुवातीला ती यातून फक्त हरकती वेचायची. पण हळूहळू तिला त्या लोकांची गंमत वाटायला लागली. रिव्हेट कुठे मारायचा, सिलिकॉन कुठे भरायचं, खिडकी कापल्यावर तिच्या वर पन्हळ का हवी, हे तिला कळायला लागलं. आयुष्यभर शाळेत हिंदीची वाक्यं तपासलेली बाई, आणि आता जेवताना नवऱ्याला सांगत होती की दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून ठेवू नयेत, खाऱ्या हवेत खातात एकमेकांना.

चंद्रहासला तर हे सणासारखं होतं. घरातलं त्यांचं बोलणं कित्येक वर्षांत काळ्या फोनच्या सोयीने झालं होतं, अर्धं वाक्य आज, अर्धं परवा. आता ते संध्याकाळी मंदिराकडे चालत निघायचे आणि वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी रेंगाळायचे. दुधाची व्हॅन, भाजीचा ट्रक, शाळेची बस. तो बोटाने टकटक करून सुरेखाकडे बघायचा.

"फायबर," ती म्हणायची.

"चूक. पत्रा, आत फोम."

"मग पैज कसली, तुम्हाला ऐकू तरी येतं का?"

"बोटाला येतं."

एकदा एका व्हॅनचा ड्रायव्हर मागून आला आणि त्याने हिंदीत विचारलं, क्या ढूँढ रहे हो? चंद्रहास गडबडला. सुरेखानेच उत्तर दिलं, "मकान." मग दोघं शाळकरी पोरांसारखी पुढच्या कोपऱ्यापर्यंत हसत गेली. हसू ओसरल्यावर सुरेखाला आठवलं. ती त्या संध्याकाळी विसरलीच होती की हे सगळं कशासाठी चाललंय.

शुक्रवारी व्हिडिओवर सई विचारायची, "बाबा, ठरलं?" आणि विचारताना तिची नजर आईला शोधायची.

"तुझ्या आईने अडवलंय. परीक्षक फार कडक आहे."

सई हसायची, जरा जास्तच. फोन ठेवला की लगेच सुरेखाच्या मोबाईलवर तिचा मेसेज यायचा, सांगितलंस? सुरेखा उत्तर टाकायची, सांगते.

नोव्हेंबर लागला. हवा हलकी झाली, माणसं पुन्हा रस्त्यावर दिसायला लागली. अरहमचा निरोप आला की सांगाडा दोन महिने जागा अडवून बसलाय, पुढच्या आठवड्यापासून त्याला ट्रकचं मोठं काम आहे. या आणि काय ते सांगा.

खाबुऱ्याला ते दुपारी पोचले. शेडच्या तोंडाशी ताज्या फायबरच्या दोन होड्या उपड्या घातलेल्या होत्या आणि रसायनाचा गोडसर वास नाकात चढत होता. कॉम्प्रेसर धडधडत होता. मागे, माडाच्या झावळ्यांच्या सावलीत त्यांची खोली उभी होती, नुसत्या फासळ्यांची. सुरेखाने ती आतापर्यंत फोटोतच पाहिली होती. चंद्रहासने तिला हात देऊन वर चढवलं.

"हे आपलं," केबिनच्या टपावर येणारा आडवा पलंग दाखवत तो म्हणाला. "हा ओटा, इथे शेगडी. आणि हे सईचं."

मागच्या भिंतीला लागून एक अरुंद फळी होती. कडा घासून गोल केलेल्या, कुणाच्या गुडघ्याला लागू नयेत म्हणून. उशाशी, खिडकीच्या चौकटीखाली त्याने दोरीची छोटी जाळी विणून ठोकली होती.

"ही कशाला?"

"तिचा फोन ठेवायला. तिला उशाशी लागतो."

सुरेखा त्या जाळीकडे बघत राहिली. गाठी त्याच्याच हातच्या होत्या, प्रत्येक गाठ दोनदा मारलेली.

खालून अरहम म्हणाला, "सर, बोलो. फायबर या अल्युमिनम? दिसंबर में जाना है तो यल्ला, आज काटना पड़ेगा." मग सुरेखाकडे वळून, जरा अदबीने, "काटा तो खलास, भाभीजी. फिर शीट वापस नहीं जाती."

"शेवटचं तू सांग," चंद्रहास तिला म्हणाला. "माझं डोकं चालत नाही आता. तू म्हणशील ते."

सुरेखाने हरकत शोधली. वजन, आवाज, पोचे, भुकटी, बकरी. सगळं बोलून झालं होतं. मुठीतली वाळू सरावी तशा तिच्या सबबी सरल्या होत्या.

"सई येत नाहीये," ती म्हणाली.

कॉम्प्रेसर चालू होता आणि ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती.

"काय म्हणतेस?" उजवा खांदा पुढे काढून तो तिच्याकडे झुकला, तसाच, मन लावून.

एकदा बोलायला तिला दोन महिने लागले होते. आता तेच तिला पुन्हा बोलावं लागलं, मोठ्याने, कान धरून सांगावं तसं. "सई येत नाहीये डिसेंबरात."

अरहमला मराठी येत नव्हतं, पण तो होड्यांकडे निघून गेला आणि जाता जाता त्याने कॉम्प्रेसर बंद केला.

चंद्रहासचा हात फळीच्या गोल केलेल्या कडेवर होता. तो तिथेच फिरत राहिला, मागे-पुढे.

"रजा नाही मिळाली?"

तिने हाच प्रश्न विचारला होता. एक 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. "मिळाली," सुरेखा म्हणाली.

पुढचं त्याने विचारलं नाही. शेडमध्ये कुणीतरी होडीवर पॉलिश घासत होतं.

"तुला कधी कळलं?"

"गणपतीत."

तो मनात मागे गेला, पायरी पायरीने. "म्हणजे, पत्रा वाजतो..."

"हो. तेव्हापासून."

"आणि बकरी?"

"बकरीसुद्धा."

त्याच्या तोंडावर हसू आलं, अर्ध्यावर थांबलं आणि तिथेच राहिलं. "मला वाटलं," तो म्हणाला, "तुला आवडायला लागलंय."

"लागलं होतं हो," सुरेखा म्हणाली. "खरंच लागलं होतं."

त्याने मान हलवली. एखाद्या स्टेशनवरचा पंप तपासून झाल्यावर, आता याचं काही होण्यासारखं नाही असं दिसल्यावर, तो अशीच मान हलवत असे. मग तो खाली उतरला, तिला हात दिला, आणि हात सोडताना जरा वेळ लावला.

कासवांचं तिने सांगितलं नाही. ते तिने ठेवून दिलं.

अरहम परत आला आणि दोघांच्या तोंडाकडे न बघता सांगाड्याकडे बघत उभा राहिला. तेव्हा सुरेखानेच सांगितलं, "पत्रा लगाओ."

"वाजेल," चंद्रहास म्हणाला.

"वाजू दे. झोप सावध असणारं कोण आहे आता?"

अरहमने पेन्सिल कानावरून काढली. "और ये तीसरा बेड? निकाल दूँ? सामान के लिए अच्छी जगह हो जाएगी."

"रहने दो," चंद्रहास म्हणाला.

डिसेंबरात काळा फोन परत करून झाला. कपाटांवरची खोकी उतरली, त्यांत भांडी गेली, देव गेले, कुरडयांचा सोऱ्या गेला. निघायला थोडे दिवस उरले असताना, एका शुक्रवारी, ती दोघं पिकअप घेऊन सूरच्या पुढे निघाली. अरुंद फळीवर एक घडी घातलेली रजई होती. कुणी ठेवली ते दोघांनीही विचारलं नाही.

मागची सीट नव्हती. चंद्रहासचा मोबाईल सुरेखाच्या मांडीवर होता. उजव्या हाताला डोंगर, डावीकडे मधूनच समुद्राची पट्टी.

"किती?" त्याने विचारलं. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"दोन."

रस्ता एका टेकाडाला वळसा घालून उतरला. पुढे वळणापलीकडे तो किनारा होता. पाटीवर कासवाचं चित्र होतं.

"एक," सुरेखा म्हणाली.

चंद्रहासने वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली.

"अहो, आता का थांबलात? समोर तर आहे. तो फोन दिलात ना परत."

त्याने इंजिन बंद केलं. "शुक्रवार आहे," तो म्हणाला. "सईचा फोन यायचा असतो."

त्यांनी तिथेच छत उचललं. कॅनव्हास ताणला गेला, सुरेखाने शेगडीवर चहा ठेवला. फोन इकडेतिकडे धरून पाहिला, ओट्यावर काडी येत नव्हती, त्यांच्या पलंगावर येत नव्हती. आली ती सईच्या फळीवर, खिडकीजवळ. त्याने तो जाळीत ठेवला. फोन जाळीत नेमका बसला.

सूर्य टेकडीमागे गेला आणि भिंती निवायला लागल्या. टक. मग थोड्या अंतराने, टक टक. चंद्रहास अरुंद फळीच्या टोकाला बसला होता, उजवा कान जाळीकडे करून. सुरेखा त्याच्या डाव्या बाजूला चहाचा कप धरून बसली होती. वळणापलीकडे लाटांचा आवाज असावा.

"तिने पाहिली हो कासवं," सुरेखा म्हणाली, हळूच.

"काय म्हणालीस?"

"काही नाही," ती म्हणाली. "पत्रा वाजतोय."